खुलासा: हार्मोनच्या इंजेक्शनने शिवलेला टेंडन लवकर भरतो का?

‘टेंडनच्या ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली की महिन्याभरात पूर्ववत,’ असा मेसेज फिरतो आहे. हा दावा सिद्ध झालेला नाही.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाश भरतो. आधी सूज येते, मग घाईघाईने तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन (टेंडन ज्याने बनतो ते धाग्यांसारखे प्रथिन) तयार होते; ते कमजोर असते. त्याची जागा पहिल्या प्रकारचे मजबूत कोलॅजन घेते, पण त्याला कित्येक महिने लागतात. टेस्टोस्टेरॉनने स्नायू झपाट्याने वाढतो, टेंडन त्या वेगाने बळकट होत नाही. अशा वेळी स्नायूने जोर लावला, की ताण येतो तो टाक्यांवर! अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉन आणि त्यासारखी स्नायू वाढवणारी औषधे) घेणाऱ्यांमध्ये टेंडन तुटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मेसेजमध्ये आणखी एक घोळ आहे: ‘स्टेरॉइड’ म्हणून कॉर्टिझोनलाही त्यात ओढले आहे. ते औषधच वेगळे. सूज-वेदना कमी करते, पण टेंडनमध्ये दिल्यास त्याला कमकुवत करू शकते.

तपासणीत हार्मोनची खरी कमतरता आढळून डॉक्टरांनी उपचार सुरू केले असतील, तर मात्र हा खुलासा वाचून ते परस्पर बंद करू नका. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला त्याची कल्पना द्या.