हायड्रेंजियाला कात्री लावण्यापूर्वी

हायड्रेंजिया फुलत नाही, ही तक्रार गोव्यात वरचेवर कानावर येते आणि तिचे खापर बहुधा मातीवर फोडले जाते. माझ्या मते माती निर्दोष आहे. दोष आपल्या कात्रीचा आणि बऱ्याच अंशी आपल्या उबदार रात्रींचा आहे.

अर्थात, झाड हायड्रेंजियाचेच असावे लागते. शेजारच्या वहिनींनी हौसेने आणलेली ‘गुलाबी हायड्रेंजिया’ इक्झोरा निघाली. चूक क्षम्य होती, कारण दोन्हींची पाने समोरासमोर येतात आणि दोन्हींच्या गुच्छात चार पाकळ्यांची फुले दिसतात. मात्र इक्झोराच्या पानाची कड गुळगुळीत असते, तर हायड्रेंजियाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. शिवाय हायड्रेंजियाची ‘पाकळी’ उजेडात धरली की तिच्यात पानासारख्या शिरा दिसतात, कारण ते निदल, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारे दल असते. खरे फूल म्हणजे मधला मोहरीएवढा ठिपका. पावसाळ्यात रानात भूतकेसाचे जे पांढरे पान लांबून चमकते, तेही निदलच. म्हणूनच हायड्रेंजियाचा गुच्छ लवकर गळत नाही, झाडावरच हळूहळू हिरवट होत जातो.

फुले निळी व्हावीत म्हणून मुळाशी गंजके खिळे पुरण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. लोह आपल्या जांभ्या मातीत मुबलक आहे आणि निळ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. निळाई येते ती ॲल्युमिनियममुळे, आणि मातीचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी माती आम्ल) साधारण ५.५ च्या खाली असेल तरच मुळांना ते नीट शोषता येते. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असल्याने आमचे परसातले झाड निळे फुलले. त्याचीच फांदी लावून केलेले रोप मात्र तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी गुलाबी फुलले. वृंदावनाला दरवर्षी लावलेला चुना पावसात खाली झिरपतो, त्याचाच हा परिणाम असावा. पांढऱ्या जातींवर असले प्रयोग करू नयेत, त्या निळ्या होत नाहीत.

आता माझी स्वतःची चूक. पहिली तीन वर्षे मी गुलाबांबरोबर याचीही छाटणी जानेवारीत उरकत असे आणि मग नुसती पाने पाहत बसे. घरोघरी दिसणारी ही मूळची जपानची जात जुन्या फांद्यांच्या शेंड्यांवर कळ्या धरते, म्हणजे मी दरवर्षी येणारा बहरच कापून टाकत होतो. छाटायचेच तर गुच्छ सुकल्यावर लगेच, जाड डोळ्यांच्या जोडीच्या वर. कळी धरायला काही आठवडे गार रात्री लागतात. त्या समुद्रकाठी सलग मिळत नाहीत, आमच्या वाळपईकडे घाटाच्या पायथ्याशी थोड्याफार मिळतात. त्यामुळे महाबळेश्वरसारख्या बहराची अपेक्षा मी सोडून दिली आहे. नर्सरीत फुललेले रोप बहुधा थंड हवेत वाढवलेले असते, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

बाकी निगा सोपी आहे: सकाळचे ऊन, दुपारी माडाची सावली, कुजलेले शेणखत, आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून कुंडीखाली चिऱ्याचे दोन तुकडे. गुरे-शेळ्यांना ही पाने खाऊ देऊ नयेत, ती विषारी असतात. दुपारी पाने मान टाकतात तेव्हा सासूबाई कळवळून तांब्या घेऊन निघतात. त्यांना मी आधी मातीत बोट घालून पाहायला सांगतो. ओल असतेच, आणि दिवेलागणीला झाड आपोआप ताठ झालेले असते.