‘दर्यावर्दी’ यांना उत्तर: आंघोळी कशाला?

दर्यावर्दीसाहेब (खरं नाव लिहायला काय हरकत होती, असो),

तेलात माखलेल्या पक्ष्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "धुतलेले पक्षी शेवटी मरतातच, मग या आंघोळी कशाला? एसीत बसून मोबाइलवर समुद्र बघणाऱ्यांचे हे चोचले. तिवरांवर (खारफुटीवर) आणि कोळ्यांच्या भरपाईवर कोण लिहिणार?" शिवाय एक चूक दाखवलीत. ती आधी मान्य करतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘खलिजिया’ जहाजाशी टक्कर झाली तेव्हा ‘चित्रा’ हे मालवाहू जहाज बुडालं नाही, कललं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता एसी. माझा जन्म रेवसचा. आईने २१ वर्षं मासळीची पाटी डोक्यावर वाहिली. एसी मी पहिल्यांदा पाहिला तो एका बँकेत, आणि तिथून आईला ‘वास येतो’ म्हणून बाहेर उभं केलं होतं. तेव्हा समुद्र कोणी कुठून बघितला हे मला ऐकवू नका. लिहायच्या आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

‘चित्रा’चं तेल आमच्या बाजूला लागलं तेव्हा मी खाजणात उतरलो होतो. पोटऱ्यांपर्यंत काळं, चपला तिथेच टाकून आलो. तिवरांच्या मुळांत एक बगळा बसलेला. पंख अंगाला चिकटलेले, आणि चोचीने तेच पंख साफ करत होता. मी त्याला घरी आणला, मोरीत धरला आणि गार पाण्यात धुण्याच्या पावडरने खसाखसा धुतला. अर्ध्या तासात त्याने मान टाकली. म्हणजे तुमचं ‘मरतातच’ माझ्या हातून एकदा खरं झालेलं आहे. पण त्याला कारण आंघोळ नव्हे, मी होतो.

पिसांची बारीक वीण तेलाने मोडते, पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी गारठतो. वर चोचीने साफसफाई करताना तेल पोटात जातं. आतडी, मूत्रपिंड, रक्त, सगळ्यावर परिणाम होतो. अशा अर्धमेल्या जिवाला आधी ऊब द्यायची, नळीने पाणी आणि अन्न द्यायचं. एखाद-दोन दिवसांत सावरला की मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. विसळायला मात्र धुण्यापेक्षाही जास्त जपायचं, कारण साबण मागे राहिला तरी पिसं भिजतात. हे माहीत असतं तर मी त्या दिवशी बगळ्याला फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवला असता.

आणि ‘मरतातच’ म्हणता, तर केप टाउनचं बघा. जून २००० मध्ये ‘ट्रेझर’ जहाज बुडालं आणि सुमारे १९,००० पेंग्विन तेलात माखले. धुतलेल्यांपैकी दहातले नऊ पुन्हा समुद्रात सोडले गेले. जवळपास तितकेच स्वच्छ पेंग्विन ट्रकांत घालून शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत इकडे तेल काढून झालं. त्यांची वाट कळावी म्हणून पीटर, पॅमेला आणि पर्सी अशा तीन पेंग्विनांवर ट्रान्समीटर लावले होते. हे चोचले वाटत असतील तर वाटोत.

अलास्काचं मला सांगू नका. १९८९ ला तिथे ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजाच्या तेलाने अडीच लाखांच्या आसपास पक्षी मेले, हे मीही वाचलंय. त्यातले धुवायला हाती किती लागले, हेही वाचा जरा.

तिवरं आणि भरपाई हे वेगळे विषय आहेत, पुन्हा कधीतरी.

आणि हो, एसीचा विषय काढलातच म्हणून सांगतो. सध्याच्या घरात एसी आहे. मागच्या वर्षी घेतला, हप्त्यावर.