अपक्षालाही एक प्रश्न विचारा

गेल्या विधानसभेला मी एका अपक्ष उमेदवाराचा सूचक, म्हणजे त्याच्या अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, होतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. नाशिकच्या सातपूर भागातल्या कारखान्यांत बारा वर्षं कंत्राटी कामगार म्हणून राबलेला माणूस. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. ते दहा जमवायला आम्हाला आठ दिवस लागले. लोक चहा पाजतात, पाठीवर थाप मारतात, पण सहीचं नाव काढलं की गप्प होतात. उद्या नगरसेवकाकडे काम पडलं तर?

अर्ज भरायच्या दिवशी त्याच्या हातात दोन पानांचं टिपण होतं. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारांचा पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि ठेकेदार बदलला की नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून कशी मोजतात, हे सगळं त्यात नावानिशी, तारखांसकट लिहिलं होतं. पन्नास झेरॉक्स काढल्या होत्या. तेवढ्यात दुसरा एक जण अनामत रकमेचे दहा हजार चिल्लरमध्ये घेऊन आला आणि सगळे माइक तिकडे धावले. दुसऱ्या दिवशी पेपरात गोणीचा फोटो. आमच्या माणसाचं फक्त यादीत नाव, तेही आडनाव चुकवून.

मला त्या चिल्लरवाल्याचा राग नाही. आपण का उभे आहोत हे त्यालाही कुणी विचारलं नाही. नुसतं बोलून कुणी लिहून घेत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने गोणी आणली. राग आहे तो ही सवय लावणाऱ्यांचा.

पुढे एका स्थानिक वर्तमानपत्रातून फोन आला. 'पॅकेज' आहे म्हणाले. एक मुलाखत, दोन बातम्या, शेवटच्या दिवशी फोटो. सांगितलेला आकडा त्याच्या अख्ख्या प्रचाराच्या खर्चापेक्षा मोठा होता. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलचा अहवाल २०१० सालीच आलाय, तक्रारीसाठी जिल्ह्यात समितीही असते. पण नुसत्या फोनवरच्या बोलण्याचा पुरावा आणायचा कुठून?

दूरदर्शन-आकाशवाणीवर प्रचाराची मोफत वेळ मिळते ती मान्यताप्राप्त पक्षांनाच. मतदानयंत्रावर अपक्षांची नावं सगळ्यात खाली. माघारीनंतर हातात जेमतेम दोन आठवडे. मग अशा माणसाने पेपरवाल्यांकडे नाही जायचं तर कुणाकडे?

एवढ्या सगळ्यांना पेपरात जागा कुठून द्यायची, असं विचारतात. प्रश्न खोटा नाही. १९९६ साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. त्यातल्या बहुतेकांना खासदार व्हायचं नव्हतं, सीमाप्रश्न दिल्लीच्या कानावर घालायचा होता. त्याच वर्षी लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजारांवर नेली, आता ती पंचवीस हजार आहे. एकषष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की जप्त. म्हणजे गर्दी कमी करायचा उपाय झाला, ऐकून घ्यायचा झाला नाही.

आणि 'हे काय, मतं खायला उभे' म्हणून सोडून देणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातली दिंडोरी आठवावी. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार भास्कर भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच आडनावाच्या एका अपक्षाला मिळालं तुतारी. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. ते का उभे होते याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दोघांचे फोटो, दोघांची चिन्हं शेजारी शेजारी छापून 'ही दोन वेगळी माणसं आहेत' एवढं गावोगाव पोचवणं हे पत्रकारितेचंच काम होतं. अपक्षांकडे बघायचंच नाही म्हटलं की मतदारही असा अंधारात राहतो.

सगळ्यांना सारखी जागा द्या असं मी म्हणतच नाही. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा: का उभे राहिलात, निवडून आलात तर पहिलं काम कोणतं, प्रचाराला पैसे कुठून आणले. उत्तरं आहेत तशी छापा. एका पानात अख्खा मतदारसंघ बसतो. ज्याला कुणीतरी पैसे देऊन उभं केलंय तो तिसऱ्या प्रश्नाला अडखळेल, तेही वाचकाला दिसू द्या.

आमच्या माणसाला तीनशेच्या वर थोडी मतं पडली. निकालाच्या बातमीत तो 'इतर' मध्ये गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कामावर हजर होता. त्या पन्नास झेरॉक्सपैकी चाळीसेक अजून माझ्या कपाटात आहेत. त्यातला एकही प्रश्न सुटलेला नाही. कुणा पत्रकाराला हव्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, मी स्वतः आणून देतो.