गिअर लिव्हरच्या कामाबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की मारुती ८०० च्या गिअर लिव्हरला आम्ही हार्डवेअरच्या दुकानातले नट-बोल्ट लावले, दोनशेच्या सामानाचे नऊशे घेतले, आणि आता लिव्हर जड चालतो, थरथरतो. आपल्या भागात जुनी ८०० अजून बऱ्याच जणांकडे आहे, तेही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

सामान हार्डवेअरचंच आहे, बिलावरही तसंच लिहिलं आहे. गाडी आली तेव्हा लिव्हर पार ढिल्ला होता, तिसरा टाकायला गेलं की पहिला पडायचा. दुसरीकडे तुम्हाला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. आम्ही इंजिन बंद ठेवून, गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सचा गिअर बदलणारा शाफ्ट हातानं फिरवून पाहिला, तर सगळे गिअर बरोबर पडत होते. म्हणजे गिअरबॉक्सला काही झालं नव्हतं. लिव्हरचा रॉड जिथे गिअरबॉक्सला जोडतो तिथला बोल्ट मधोमध झिजून बारीक झाला होता आणि बुशचा, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळीचा, भुगा झाला होता. काळ्या मातीची धूळ न् चिखल तिथे सरळ लागतो.

ही गाडी कंपनीनं २०१४ मध्ये बनवणं बंद केलं. बुश अजून मिळतात, पण यवतमाळ नाहीतर अमरावतीहून मागवावे लागतात. तुम्हाला गाडी दुसऱ्याच दिवशी हवी होती. थांबायचं की पितळी बुश टाकायचे, हे तुम्हालाच विचारलं होतं.

बोल्ट साधा नाही. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा नंबर कोरलेला दिसेल, ४.६ नंबरच्या साध्या बोल्टपेक्षा तो दुप्पट ताण घेतो. बुशच्या आत गुळगुळीत भागच राहील असा लांब बोल्ट घेऊन जास्तीचे आटे कापले, कारण आटे आत गेले तर कानसीसारखं पितळ खातात. नट नायलॉक लावला, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप न सुटणारा. हा सांधा हलता ठेवावा लागतो, नट पूर्ण आवळता येत नाही, आणि असा सैल ठेवलेला साधा नट आपल्या रस्त्यांवर सुटतोच. बुश लेथवर मापाला उतरवले. मजुरी त्यात आणि गंजलेला जुना बोल्ट काढण्यात गेली.

थरथर थोडी राहणार, पितळेत रबरासारखा हादरा जिरत नाही. हे तेव्हाच सांगितलं होतं. जडपणा मात्र राहायला नको. वायसर दाबत असेल किंवा ग्रीस कमी पडलं असेल, पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

एक गोष्ट सगळ्यांसाठी: ब्रेक आणि स्टिअरिंगला आम्ही हार्डवेअरचं सामान लावत नाही, गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी. गिअरचा रॉड सुटला तर गिअर बदलणार नाही, पण ब्रेक लागेल, गाडी कडेला घेता येईल.

तुमच्यासाठी ओरिजिनल बुश मागवतो. पैसे फक्त बुशचे द्या, लावायची मजुरी नको. सकाळी लवकर गाडी आणून ठेवा, सायलेन्सर थंड झाल्याशिवाय तिथे हात घालता येत नाही.