झाडं लावूच, पण भट्टीच्या धुराचं काय?

नमस्कार काका,

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज शिमिझू आणि कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरणारा त्यांचा कॅल्फ-२० हा सच्छिद्र पदार्थ, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'असले पदार्थ प्रयोगशाळेतच शोभतात. दमट हवा लागली की संपले. त्यापेक्षा झाडं लावा.' दमट हवेचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. लेखात मी तो एका ओळीत उरकला, ती माझी चूक.

पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या डेसिकेटरमधली, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली, ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी पडते. खडे ओव्हनमध्ये तापवले की पाणी उडून जातं आणि ते परत निळे होतात. धरायचं, तापवून सोडायचं, पुन्हा धरायचं. सच्छिद्र पदार्थाचं सगळं काम एवढंच, आणि दुखणंही त्यातच. कारखान्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइडबरोबर वाफ असतेच. बऱ्याच पदार्थांत पाणी आधी घुसून जागा अडवतं, काहींचा तर सांगाडाच ढासळतो.

कॅल्फ-२० मला मोलाचा वाटतो तो याच कारणाने. जस्त आणि ट्रायझोल, ऑक्झॅलेट ही दोन रसायनं यांपासून तो एकाच टप्प्यात बनतो. सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेली वाफ) ४० टक्क्यांखाली असेल तर तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतो, आणि हा वायू आत बसला की पाण्याला शिरकाव मिळणं अवघड होतं. वाफेची ४,५०,००० हून जास्त आवर्तनं त्याने सोसली. हे सारं २०२१ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आलं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचे रामनाथन वैद्यनाथनही आहेत. आणि प्रयोगशाळेबाहेर म्हणाल, तर कॅनडातच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रिचमंडच्या सिमेंट कारखान्यात खऱ्या धुरावर त्याची चाचणी झाली आहे. धूर फार ओला असेल तर आधी त्यातलं पाणी कमी करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. तेवढं तुमचं म्हणणं मला मान्य.

झाडं हवीतच, त्यावर वाद नाही. पण तुम्ही चंद्रपूरकडे सिमेंटच्या भट्टीवर वर्षानुवर्षं काम केलंत, असं तुम्हीच लिहिलंय. मग हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे की कोळशाचा एक तुकडाही जाळला नाही तरी चुनखडी तापली की कार्बन डायऑक्साइड सुटणारच. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो! चिमणीत तो दाट असतो, तिथे पकडणं त्यातल्या त्यात सोपं. एकदा बाहेर पडून मोकळ्या हवेत मिसळला की बाकी वायूंच्या गर्दीत उरतो जेमतेम ०.०४ टक्के, मग कुठे शोधायचा? पकडल्यावर तो साठवायचा कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. मला तो दमटपणापेक्षाही अवघड वाटतो. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

एक मात्र तुमच्याकडूनच हवंय. भट्टीच्या धुरातली बारीक धूळ अडवायला तुमच्याकडे काय होतं, कापडी पिशव्या की विजेवरची यंत्रणा? आणि त्यातूनही किती धूळ निसटायची? अशी धूळ छिद्रांत बसली तर पुढे काय, हे मला समजून घ्यायचंय. सवडीने लिहा.