हाताने फिरलं म्हणजे बसलं, असं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. शेवटचा भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, रविवारी करून टाकू का?" मजकुराचा सारांश असा: मोटरसायकलच्या इंजिनात परफॉर्मन्स कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, जास्त ताकदीसाठी बदललेला दांडा) टाकताना हेड (इंजिनचा वरचा भाग) अर्धा मिमी फेस मारून, म्हणजे खालून सपाट कापून घ्या, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढेल, बाकी काही बदलत नाही, कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) ८ मिमीच्या आत असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतच नाही, तरी शंका वाटली तर इंजिन हाताने दोनदा फिरवून पाहा, अडकलं नाही की काम ओके, आणि फारच भीती वाटली तर हेडखाली डबल गॅसकेट (गळती रोखणारा पातळ पत्रा) टाका.

इंदूरच्या सांवेर रोडवर हेड फेसिंगचं काम मी वर्षानुवर्षं करतो आहे. अर्धा मिमी कापून देणं दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसेही मलाच मिळतात. तरीही हा मजकूर वाचून कोणी हेड घेऊन येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यात खरं काय आहे ते आधी सांगतो. लांब ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमवर इनटेक (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी आरपीएमवर प्रत्यक्ष दाबलं जाणारं मिश्रण कमी पडतं आणि गाडी खालून मेल्यासारखी वाटते. ती कसर भरून काढायला जाणकार लोकही कॉम्प्रेशन वाढवतात. १४९ सीसी, ५७.३ मिमी बोअर, ९.१ कॉम्प्रेशनचं इंजिन घ्या. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा (चेंबर) १८.४ सीसी असते. चेंबरचं तोंड बोअरएवढं असेल तर अर्धा मिमी कापल्यावर १.३ सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९.७ च्या आसपास येतं. इथपर्यंत हिशोब बरोबर आहे.

आता लिफ्टचं. हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे, कारण कॅमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिफ्टच छापलेली असते. पण व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तेव्हा पिस्टन जवळपास कुठेच नसतो. इनटेकची सर्वाधिक लिफ्ट टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या क्षणानंतर) साधारण १०५ ते ११० अंशांवर येते. ५८ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात तोपर्यंत पिस्टन ४० मिमी खाली गेलेला असतो. धोका असतो ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) मिटतो आहे, इनटेक उघडतो आहे आणि पिस्टन अगदी वर आहे त्या क्षणी. टीडीसीच्या १० अंश अलीकडे-पलीकडे पिस्टन टोकापासून जेमतेम अर्धा मिमी खाली असतो. स्टॉक कॅमवर त्या वेळी व्हॉल्व्ह नुसते किलकिले असतात. लांब ड्युरेशनच्या कॅमवर तेच दोन-तीन मिमी उघडे असू शकतात. दोन कॅमची लिफ्ट अगदी सारखी असली तरी एक सुरक्षित आणि दुसरा घातक असू शकतो, तो याच कारणाने. विचारायचं ते "लिफ्ट किती" हे नाही, "टीडीसीला लिफ्ट किती" हे.

"बाकी काही बदलत नाही" हे तर सरळ चूक आहे. हेड अर्धा मिमी कापलं की दोन्ही व्हॉल्व्ह पिस्टनच्या दिशेने अर्धा मिमी सरकले. एवढं बहुतेकांच्या लक्षात येतं. पण ज्या इंजिनात कॅम हेडमध्ये असतो, तिथे आणखी एक गोष्ट घडते: कॅम आणि क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा दांडा, जो चेनने कॅम फिरवतो) यांच्यातलं अंतर कमी होतं. क्रँक चेनची जी बाजू ओढते ती तेवढी सैल पडते, ती सैल टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) दुसऱ्या बाजूला खेचून घेतो आणि कॅम मागे पडतो. ३४ दात्यांचा कॅम स्प्रॉकेट आणि ६.३५ मिमी पिचची चेन धरली तर अर्ध्या मिमीला क्रँकवर सुमारे १.७ अंश टायमिंग उशिरा जातं. उशिरा गेलेला कॅम इनटेकला थोडी सूट देतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन वर येईपर्यंत जास्त वेळ उघडा ठेवतो. म्हणजे आधीच कमी झालेल्या एक्झॉस्टच्या अंतरातून कॅमच्या उतारानुसार आणखी एक-दोन दशांश मिमी जातात. लांबट भोकांचा स्प्रॉकेट आणि डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावून टायमिंग परत जागेवर आणता येतं, पण मुळात ते हललं आहे हे माहीत असेल तर. जुन्या बुलेटसारख्या पुशरॉड इंजिनात (कॅम खाली असतो आणि लांब काठ्यांनी व्हॉल्व्ह उघडतो) टायमिंग हलत नाही. तिथे पुशरॉड तेवढ्याने लांब पडतो आणि ते पाहावं लागतं.

हाताने फिरवून पाहण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खबरदारीच्या वेषात येतो. इंजिन हाताने मोकळं फिरलं याचा अर्थ एवढाच की थंड आणि जवळजवळ थांबलेल्या इंजिनात अंतर शून्याहून जास्त आहे. ते दोन दशांश मिमी असेल तरी फिरेलच. मागे एक हेड माझ्याकडे आलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टनवर चंद्रकोरीसारखा स्वच्छ ठसा. बसवणाऱ्याने हाताने फिरवून पाहिलं होतं. शहरात पंधरा दिवस गाडी उत्तम चालली. मग सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना चौथ्यातून चुकून दुसरा गिअर पडला. अशा वेळी रेव्ह लिमिटर उपयोगाचा नसतो. तो स्पार्क किंवा पेट्रोल तोडतो, पण इंजिनला चाकच फिरवत असतं. स्प्रिंगला तो वेग झेपत नाही आणि मिटायचा व्हॉल्व्ह मागे रेंगाळतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनला वरून दाबणारा वायू नसतो, म्हणून रॉड ताणला जातो आणि बेअरिंगमधली मोकळीकही वर जाते. शिवाय तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांब झालेला असतो. म्हणूनच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या अंतराचा, मोठ्या पुशरॉड इंजिनांवर रूढ झालेला ठोकताळा इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी असा आहे. छोट्या मोटरसायकलींवर काही ट्यूनर याहून कमीवर चालवतात. कॅम बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तो पाळावा.

डबल गॅसकेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जे कापलं तेच परत भरायचं असेल तर कापलं कशाला? शिवाय स्क्विशची (पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली) फट वाढते, नॉकिंगकडे (मिश्रण आपोआप पेटून ठोके येण्याकडे) कल वाढतो आणि गळायला आणखी एक जोड मिळतो.

भाच्याला मी सांगितलं ते असं. हेड न कापता आण. नवा कॅम, जुनी दबलेली गॅसकेट, टॅपेटची मोकळीक शून्यावर. व्हॉल्व्हला तेलाचं बोट लाव, पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थाप, हेड पूर्ण टॉर्कवर कस, क्रँक सावकाश दोन फेरे फिरव, खोल. क्ले ब्लेडने काप आणि सगळ्यात पातळ जागा मोज. व्हॉल्व्हच्या कडेला पिस्टनच्या खाचेची भिंत किती जवळ आहे तेही बघ, ते लोक विसरतात. डायल गेज आणि हलक्या स्प्रिंग मिळाल्या तर टीडीसीच्या २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत दर दोन अंशांनी मोजणं याहून चांगलं. समजा एक्झॉस्टला ३.१ मिमी आले आणि २.५ ठेवायचे आहेत, तर हेड ०.६ कापता येत नाही. कॅम मागे सरकण्याचा वाटा त्यातून आधी बाजूला काढायचा. मी ०.४ कापेन, आणि कापल्यावर क्ले पुन्हा लावून बघेन.