दुखावल्या असतील तर

गेली सतरा वर्षं मी नाशकात निवेदन करते. कालिदास कलामंदिर, प. सा. नाट्यगृह, गंगापूर रोडच्या लॉन्सवरचे संगीत सोहळे, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे माइक धरलाय. कुठला शब्द कुठे पडला की सभागृहात काय होतं, हे बघायची सवय लागली आहे. त्यामुळे कुणाची जाहीर माफी कानावर आली की मी आधी त्यातला 'तर' शोधते. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर.' एवढ्याशा शब्दाने चूक बोलणाऱ्याच्या तोंडून निघून ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसते. मी काय बोललो ते बाजूलाच, तुम्ही किती हळवे आहात ते बघा.

दुसरा शब्द दिलगिरी. मराठीत आपण माफी मागतो आणि दिलगिरी व्यक्त करतो. मागितलेली गोष्ट समोरच्याला नाकारता येते. दिलगिरी व्यक्त केली की झालं, समोरच्याला विचारायची गरजच उरत नाही. म्हणून मोठ्या माणसांना ती इतकी आवडते. सोबत 'विपर्यास केला गेला' आणि 'शब्द मागे घेतो' हे ठरलेलं असतंच.

डिसेंबर २०२४ मध्ये भाजपचे आष्टीचे आमदार सुरेश धस बीडच्या राजकारणावर बोलता बोलता प्राजक्ता माळीचं नाव घेऊन मोकळे झाले. तिचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. तिने पत्रकार परिषद घेतली, राज्य महिला आयोगाकडे गेली. मग दोन दिवसांत मन दुखावलं असेल तर दिलगिरी, अशा आशयाचं निवेदन आलं. प्राजक्ताने मोठ्या मनाने विषय संपवला, तो तिचा अधिकार. मला त्रास झाला तो आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर. एरवी बायकांच्या सन्मानावर लांबलचक पोस्टी टाकणारे काही जण तेव्हा गप्प होते, कारण धस त्या दिवसांत एका खुनाच्या प्रकरणात न्यायासाठी लढत होते आणि ती लढाई त्यांना पटत होती. काहींनी तर मलाच समजावलं, 'आत्ता हा विषय काढून कुणाचा फायदा होणार, विचार कर.' मी विचार केला. लढाई न्यायाचीच होती, पण त्यासाठी एका बाईचं नाव चघळू द्यायचं, हे मला पटलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हेच वेगळ्या रूपात दिसलं. यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया एका विनोदी शोमध्ये आई-वडिलांवरून जे घाणेरडं वाक्य बोलला, ते तेव्हा सगळीकडे गाजत होतं. माझ्यासोबत रोज चालणारे दोन काका आहेत, दोघेही निवृत्त, दोघेही मला मुलीसारखं वागवतात. एक म्हणाले, 'पंतप्रधानांच्या हातून पुरस्कार घेतलेला माणूस, असाच निघणार.' पुरस्काराचं खरं आहे, मार्च २०२४ मधली गोष्ट. दुसरे म्हणाले, 'अहो, लेकरू आहे, माफी मागितली ना? उगाच त्याला बदनाम करताय.' मी विचारलं, काका, माफीचा व्हिडिओ पाहिलात का? दोघांनीही पाहिला नव्हता. मी पाहिला होता. त्यात त्याने बोललो ते चुकीचं होतंच आणि विनोदीही नव्हतं, मी कारणं देणार नाही, असं सांगितलं होतं. 'तर' नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच माफ्यांपेक्षा ती सरळ होती, आणि तरी ती पुरेशी आहे का यावर चांगला वाद होऊ शकला असता. सुप्रीम कोर्टाने १८ फेब्रुवारीला त्याला अटकेपासून संरक्षण दिलं आणि त्याच सुनावणीत चांगलं फैलावरही घेतलं. कोर्टाला दोन्ही एकदम जमलं. आमच्या ट्रॅकवर मात्र हा कुणाचा, याच्यापुढे गाडी गेली नाही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या आज्या सांगून गेल्या. पण आज्यांच्या म्हणीत निदान आपलं पोर तरी असतं. आपण आता ज्याला कधी भेटलो नाही अशा माणसाला बाब्या करतो, फक्त त्याचा झेंडा आपला आहे म्हणून.

दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर २०१३ मध्ये भाजपविरोधी मानल्या जाणाऱ्या तेहलका साप्ताहिकाचे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर कनिष्ठ सहकारी महिलेने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. त्यांनी पत्र लिहून माफी मागितली आणि प्रायश्चित्त म्हणून सहा महिने पदावरून दूर राहतो असं जाहीर केलं. स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवली, मुदतीसकट. पुढे खटल्यात आरोप नाकारले. ऑक्टोबर २०१८ मध्ये भाजपचे, तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर, त्यांच्या संपादकपदाच्या काळातल्या वर्तनाबद्दल, अनेक महिला पत्रकारांनी आरोप केले. त्यांनी सगळं फेटाळलं, त्या पत्रकारांपैकी प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला टाकला आणि १७ ऑक्टोबरला राजीनामा दिला. माझ्या ओळखीतले जे लोक २०१३ ला पेटून उठले होते ते २०१८ ला 'इतकी वर्षं कुठे होत्या या बायका?' असं विचारत होते. आणि २०१३ ला 'थांबा, दुसरी बाजू ऐकू' म्हणणाऱ्यांना २०१८ ला दुसरी बाजू ऐकायचीच नव्हती.

मग २०२१ आलं. फेब्रुवारीत दिल्लीच्या कोर्टाने रमाणी यांना निर्दोष सोडलं आणि बाई कित्येक वर्षांनीही आपली तक्रार मांडू शकते असं म्हटलं. मे महिन्यात गोव्याच्या सत्र न्यायालयाने तेजपाल यांना निर्दोष ठरवलं. दोन्ही निकालांविरुद्ध अपिलं झाली. त्या चार महिन्यांत माझ्या फोनवर 'न्यायव्यवस्थेवरचा विश्वास दृढ झाला' आणि 'कोर्टाला काय कळतं' ही दोन्ही वाक्यं त्याच माणसांकडून आली. मी पहिलं वाक्य जपून ठेवलं होतं. दुसरं आलं तेव्हा त्यातल्या एकाला पहिलं परत पाठवलं. उत्तर आलं, 'ते वेगळं होतं ताई.' कसं वेगळं, ते सांगितलं नाही.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर जानेवारी २०२२ आठवा. अभिनेते किरण माने यांना मालिकेतून काढलं. ते म्हणाले, माझ्या राजकीय पोस्टमुळे. निर्मात्यांकडून सांगण्यात आलं, सेटवरच्या महिला कलाकारांशी गैरवर्तन. सेटवरच्या काही अभिनेत्री त्यांच्या बाजूने बोलल्या, काही विरोधात. बाहेरच्या कुणालाही खरं काय ते ठरवता येणार नाही अशी स्थिती होती. पण संध्याकाळपर्यंत आमच्याकडे निकाल लागले होते, आणि माणूस कुणाला मत देतो हे माहीत असेल तर त्याचा निकाल आधीच सांगता येत होता. त्या अभिनेत्रींपैकी एकीचंही नाव कुणाला आठवत नव्हतं.

हेच मला सहन होत नाही. राजकारण नसलं तरी तेच होतं. २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर बायकांबद्दल जे बोलले, त्याबद्दल त्यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परत बोलावलं. पंड्याने कार्यक्रमाच्या ओघात वाहवत गेलो असं म्हणून माफी मागितली. बीसीसीआयचे लोकपाल डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. निम्मी रक्कम निमलष्करी दलातल्या दहा हुतात्मा जवानांच्या पत्नींना, निम्मी अंधांच्या क्रिकेटसाठी. दोन्ही कामं मोलाची, त्याबद्दल शंकाच नाही. पण ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्या बायका त्या हिशेबात कुठेच नाहीत.

आता माझं सांगते. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली.

एका सभागृहात मोठा कार्यक्रम होता, मी निवेदिका. मुंबईहून एक नावाजलेले कलावंत आले होते. मध्यंतराच्या आधी एक स्वयंसेवक मुलगी माझ्याकडे आली, एकोणीस वर्षांची, रडत नव्हती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मेकअप रूममध्ये चहा द्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला जवळ ओढलं होतं. मी आयोजकांना बोलावलं. ते सज्जन गृहस्थ, पुरोगामी कार्यक्रमांना स्वतःच्या खिशातून पैसे घालणारे. त्यांनी तिला काही विचारलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ताई, हा माणूस आपल्यातला आहे. बाहेर गेलं तर त्या लोकांना आयतं कोलीत मिळेल. दोन तास सांभाळून घ्या.'

मी सांभाळून घेतलं. विंगेत उभं राहून पाणी प्यायले, स्टेजवर गेले आणि 'अत्यंत संवेदनशील कलावंत' हे शब्द माझ्याच तोंडून गेले. मलाही तो माणूस तेव्हा आपल्यातला वाटत होता.

मागच्या महिन्यात ती मला पाथर्डी फाट्यावर भेटली. कडेवर मुलगा होता. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, माझं चुकलं, त्या दिवशी मी तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'ताई, सत्काराच्या वेळी शालीचं तबक माझ्याच हातात दिलं होतं तुम्ही. त्यांच्याजवळ मला जायला लागलं.'

हे मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी त्याचीही माफी मागितली. तिने मान हलवली, म्हणजे काय ते मला कळलं नाही, आणि तिची रिक्षा आली.

ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली आहे. तिने दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या. त्या कलावंताचं नाव लिहायचं की नाही हे ती ठरवेल. कृपया खाली अंदाज बांधू नका, आणि तो कुणाच्या बाजूचा होता हेही मला विचारू नका.